मामाची मुलगी चालते, चुलत्याची का नाही?

मोरोपंत (1729-1794) बारामतीत राहिले आणि त्यांनी अख्खे महाभारत आर्यावृत्तात उतरवले. त्या कथेतल्या एका सोयरिकीने धर्मशास्त्राच्या पंडितांना शतकानुशतके छळले आहे. कुंती वसुदेवाची बहीण, सुभद्रा वसुदेवाची मुलगी. म्हणजे अर्जुनाने मामेबहिणीशी लग्न केले, आणि तेही कृष्णाच्या संमतीने.

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या माणसांना यात वावगे वाटत नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असेच ती मानत आली. चुलत्याच्या मुलीचे नाव काढा, तीच माणसे कानांवर हात ठेवतील. रक्ताच्या हिशेबाने मात्र दोघी सारख्याच जवळच्या. दोघींशी सरासरी आठवा हिस्सा जनुके सामायिक असतात. मग एक नवरी आणि दुसरी बहीण, ही रेघ कुणी ओढली?

बौधायन धर्मसूत्र दक्षिणेच्या पाच खास चाली सांगते: मुंज न झालेल्याबरोबर जेवणे, बायकोबरोबर जेवणे, शिळे खाणे, मामाच्या मुलीशी लग्न आणि आत्याच्या मुलीशी लग्न. त्या त्या देशात त्या चालींना दोष नाही, असे हे सूत्र म्हणते. मनुस्मृतीला हे मान्य नाही. तिने चांद्रायण प्रायश्चित्त सांगितले. मीमांसक कुमारिल भट्टाने दाक्षिणात्यांच्या या हौसेवर टोला हाणला, पण सुभद्रा आडवी आली. तेव्हा ती वसुदेवाची सख्खी मुलगी नव्हेच, असा खुलासा त्याला करावा लागला. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी उलट बाजू घेऊन पराशरस्मृतीवरच्या भाष्यात वेदाच्या आधाराने या लग्नाचे समर्थन केले. मला कुमारिलाचा खुलासा ओढूनताणून केलेला वाटतो. चाल आधीची, शास्त्र नंतरचे. शास्त्रकार तिच्यामागे धावत होते.

इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले. दक्षिणेत मामाची आणि आत्याची, दोन्ही मुली चालतात. उत्तरेत एकही नाही. मराठ्यांनी मामाची घेतली, आत्याची टाळली. ज्या घराने मुलगी दिली, त्या घरात तिची लेक सून म्हणून परत जायची नाही. मुली एकाच दिशेने द्यायच्या.

हा नियम हाताशी धरून मी भोसले-निंबाळकरांच्या सोयरिकी पाहू लागलो. सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते; नीरा ओलांडली की निंबाळकरांचे फलटण. मालोजीराजांची पत्नी निंबाळकरांची, शिवाजी महाराजांच्या सईबाईही निंबाळकरांच्याच. मुली फलटणहून भोसल्यांकडे येत होत्या. मग महाराजांनी सईबाईंची लेक सखुबाई दिली ती महादजी निंबाळकराला, म्हणजे सईबाईंचे भाऊ बजाजी यांच्या मुलाला. मुलगी आईच्या माहेरी सून म्हणून गेली. नेमकी टाळायची तीच सोयरीक!

कारण परंपरा सांगते. बजाजींनी आदिलशाहीत धर्मांतर केले होते. त्यांना परत घेतल्यावर लोकांनी पंगतीत बसवावे म्हणून महाराजांनी स्वतःची मुलगी त्या घरात दिली. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा उलगडा इथे होतो. निषेधाची रेघ घरांच्या व्यवहाराने ठरते, म्हणून घरांची गरज पडली की ती वळवता येते. चुलत्याची मुलगी एका आडनावाची, एका देवकाची, एका सुतकातली, ती भाऊबंद. मामा सोयरा. भाऊबंदांत वतन आणि जमीन सामायिक, भांडणेही तिथलीच. त्यात लग्नाची भर घातली तर घर फुटते आणि बाहेर नवा सोयरा एकही मिळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी 1949 मध्ये जगभरच्या उदाहरणांवरून साधारण हेच मांडले.

समाजशास्त्रज्ञ वेस्टरमार्कचे 1891 चे मत वेगळे. एकत्र वाढलेल्यांना एकमेकांची ओढ वाटत नाही, म्हणून निषेध. इस्रायलच्या किबुत्झमध्ये एकत्र वाढलेल्या मुलांच्या आणि तैवानमध्ये लहानपणीच घरात आणलेल्या सुनांच्या बाबतीत याला पुष्टी मिळाली आहे. सख्ख्या भावंडांपुरते मला ते पटते. पण आजोळी सुट्ट्या काढलेल्या मामेबहिणीशी पिढ्यान् पिढ्या संसार झाले, त्याचे उत्तर त्यात नाही.

माझ्या तर्कातही एक भोक आहे: मावसबहीण. तिचे आडनाव वेगळे, देवकही बहुधा वेगळे, तरी ती वर्ज्य. दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना देण्याची चाल होती. तिथे मावस तीच चुलत होते. शिवाय पहिली वारली की तिची बहीण त्याच घरात यायची. मावशी ही संभाव्य आई, म्हणून तिची मुले भावंडे, हे मी ठामपणे धरून चालतो.

कायद्याने फारसे नवे सांगितले नाही. 1946 च्या कायद्याने सगोत्र विवाह वैध झाले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांची सपिंड मर्यादा घातली, पण रूढी असेल तर सूट ठेवली. मामाची मुलगी त्या सुटीतून येते. ही मर्यादा मोडणाऱ्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मर्यादा योग्य ठरवली.

घर राखणाऱ्या या नियमाची एक काळी बाजू मात्र आहे. घराची अब्रू जपताना घरातल्या लेकराचे तोंड बंद केले जाते. नात्यातल्या माणसाने केलेला अत्याचार हा ‘असे आपल्यात होतच नाही’ म्हणून झाकला जातो. जुन्या शास्त्रकारांनी प्रायश्चित्त करणाऱ्यासाठी लिहिले. मुलासाठी लिहिला तो 2012 चा पोक्सो कायदा. नातेवाईकाने बालकावर केलेला लैंगिक हल्ला त्यात अधिक गंभीर गुन्हा आहे, आणि 2019 पासून बलात्कारासारख्या गुन्ह्याला किमान 20 वर्षे कैद आहे. माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098. घरातले मूल काही सांगू लागले, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा आणि हा क्रमांक फिरवा.