न पाहिलेल्या सिनेमाचा इतिहास

सिनेमा पाहून झाल्यावर त्याच्याविषयी मत देणारी माणसं जगात असतील, नाही असं नाही. पण आमच्या गिरगावातल्या चाळीत त्यांना काडीचा मान नव्हता. पाहून मत काय, कोणीही देईल! त्याला सव्वा रुपया लागतो, अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती न पाहता मत द्यायला. आणि या बाबतीत आमची चाळ म्हणजे साक्षात विद्यापीठ होती. रात्री जेवणं आटोपली की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पीठ भरे, आणि येत्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाचं भवितव्य गुरुवारीच ठरून जाई. निर्मात्याला ते पुढे तीन आठवड्यांनी कळायचं, एवढाच काय तो फरक.

पीठाचे अध्यक्ष पोस्टातले काका. त्यांनी शेवटचा सिनेमा पाहिला तो 'संत तुकाराम'. तो १९३६ साली लागला आणि इथल्या सेंट्रलला वर्षाहून अधिक काळ चालला, त्या गर्दीत काकाही होते. त्यानंतर पाहण्यासारखं काही निघालेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं; आणि ते मत बदलायची वेळ येऊ नये म्हणून ते थिएटराकडे फिरकतच नसत. दुसऱ्या सभासद वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्या भिंतीवरचं पोस्टर बघून निकाल देत. "हिरोइन केवढी सुटलीय, बाई! नाही चालायचा." संपलं. यावर अपील नाही.

पुढे मला वाचनाचा नाद लागला आणि असं ध्यानात आलं, की ही विद्या आमच्या चाळीत जन्मली नसून सिनेमापेक्षा निदान एक दिवसाने तरी जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. पण त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात आली होती, की हे या शतकातलं आश्चर्य आहे. म्हणजे बघा, चित्रं हलण्याआधी तोंडं हलली! त्या दिवशी सकाळी फोर्टातल्या एखाद्या कचेरीत कोणीतरी कारकून शेजाऱ्याला म्हणाला असणारच, "भिंतीवरची माणसं बघायला रुपया? चार दिवस चालेल हे खूळ." कारकुनाला पुरावा नाही, हे मला मान्य आहे. पण कारकून मी जवळून पाहिलेले आहेत. मी स्वतःच एक होतो.

दादासाहेब फाळक्यांनी तर या मतांचा छळ भरपूर सोसला. गिरगावातच एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वेड लागलं, असं लोक म्हणू लागले. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. पैसेवाल्याची खात्री पटावी म्हणून एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत मिनिटभराचं चित्र तयार केलं. बी रुजतं, कोंब येतो, वेल वाढते! आजकाल सिनेमाआधी सहा महिने जो 'टीझर' म्हणून झटका देतात ना, त्याचा मूळ पुरुष हा वाटाणा. फरक इतकाच, की त्या वाटाण्यात गोष्ट होती.

पुढची अडचण तारामतीची. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. ज्या धंद्याचं नावही कोणी धड ऐकलेलं नव्हतं, त्याच्याविषयी प्रत्येकीचं मत मात्र तयार! शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके नावाचे तरुण गृहस्थ तारामती झाले. (हेच साळुंके पुढे १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. खर्च वाचवण्याची अशी कल्पना पुढच्या कुठल्याही निर्मात्याला सुचली नाही.) कंपनीतल्या माणसांना कोणी विचारलं, तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगा, अशी सूचना होती म्हणे. फॅक्टरी म्हटलं की लोक मत देत नाहीत.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी इथल्या कॉरोनेशनला लागला आणि चालला. तरी मतं संपेनात. नाटक रात्रभर चालतं, हे दीड तासात आटपतं. मग पैसे कशाचे? यावर फाळक्यांनी जाहिरात केली म्हणतात, की सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे! मराठी माणसाला कलेची थोरवी पटवायची तर ती मैलात मोजून आणि आण्यांनी भागून दाखवावी लागते, हे या थोर माणसाने पहिल्याच फटक्यात ओळखलं होतं.

नंतर १४ मार्च १९३१ ला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला. पडदा बोलणार म्हटल्यावर गिरगावात एवढी झुंबड उडाली की पोलिस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं. माझे आजोबा त्या गर्दीत होते. ते आत शिरू शकले नाहीत. पण बाहेर उभं राहून त्यांनी मत बनवलं, की बोलपटाला भवितव्य नाही, कारण आवाज बाहेर ऐकू येत नाही. हे मत त्यांनी अखेरपर्यंत बदललं नाही. गंमत अशी, की 'आलम आरा'ची आज एकही प्रत शिल्लक नाही. सिनेमा गेला, आजोबा गेले, ते मॅजेस्टिकही गेलं. आजोबांचं मत तेवढं आमच्या घरात अजून आहे.

आमच्या काळापर्यंत ही विद्या चांगलीच पुढारली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी विसाच्या दशकातच सिनेमासाठी पोस्टरं रंगवली होती, त्यामुळे वहिनींच्या शाखेला आधार मिळाला. १९३५ साली बाबूराव पटेलांचं 'फिल्म इंडिया' सुरू झालं आणि विद्वानांची सोय झाली. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागू लागली, मग गाणी ऐकूनच निकाल देणारी नवी शाखा निघाली. आणि आमच्यासारख्या पोरांची शाखा थिएटरच्या दारातली. शोकेसमधले फोटो बघायचे, डोअरकीपरला "कसा आहे हो?" विचारायचं, त्याने नुसतं नाक मुरडलं की धावत येऊन चाळीला सांगायचं. लॅमिंग्टन रोडच्या नाझ सिनेमाच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. तिथे एका पोराचा मामा चहा पोचवायचा. त्या मामाचं मत म्हणजे सुप्रीम कोर्ट.

ही मतं चुकत नसत का? अहो, सरसकट चुकत! 'मुगल-ए-आझम' इतकी वर्षं रखडला होता, की आमच्या पीठाने त्याला तीन वेळा पाडून झाला होता. "भात एवढा वेळ चुलीवर ठेवला तर काय होतो? लगदा!" इति काका. ५ ऑगस्ट १९६० ला तो मराठा मंदिरला लागला. ॲडव्हान्स बुकिंगला माणसं घरून डबे मागवून रांगेत मुक्काम करू लागली. काका म्हणाले, "मी म्हणालोच होतो. मुरलेल्या लोणच्याची चव वेगळीच असते." भाताचं लोणचं कधी झालं ते आम्हाला कळलंच नाही.

१९७५ साल तर कळस. १५ ऑगस्टला मिनर्व्हाला 'शोले' लागला. पहिल्या आठवड्यात जो तो म्हणू लागला, की एवढा पैसा ओतून पडला म्हणून समजा. त्या गब्बरचा आवाज खलनायकाला शोभत नाही, असंही तज्ज्ञांचं मत होतं. शेवट बदलून पुन्हा चित्रण करावं की काय, अशी चर्चा खुद्द निर्मात्यांत झाली. पुढे तो मिनर्व्हात पाच वर्षं हलला नाही. आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'जय संतोषी माँ' नावाचा सिनेमा आला. त्याच्याबद्दल आमच्या गॅलरीत चकार शब्द निघाला नव्हता. बायका थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जाऊ लागल्या, पडद्यावर नाणी उधळू लागल्या. ज्याच्यावर मतच दिलं नाही तो सिनेमा असा चालावा, याचा काकांना फार धक्का बसला. त्यांनी तो धर्माच्या खात्यावर टाकला आणि सिनेमाच्या इतिहासातून वगळला.

इथवर सगळं हसण्यावारी आहे. पण इतिहास लिहायचा तर आपलं पानही लिहायला हवं. ते मी इतका वेळ टाळत आलो.

१९५९ साली मी चौदा वर्षांचा होतो. आमच्याकडे माझी आत्या राहायची. लहानपणीच वैधव्य आलेलं, शाळेत शिकवायची, पगार माझ्या आजोबांच्या हातात द्यायची. वर्षातून दोन सिनेमे, एवढीच तिची चैन. १९५७ साली तिने 'प्यासा' दोनदा पाहिला, म्हणजे वर्षाचा सगळा कोटा एकाच सिनेमावर उडवला. म्हणून 'कागज के फूल' येणार कळल्यावर तिने डब्यात आधीपासून पैसे बाजूला ठेवले होते. सिनेमा लागला. दोन दिवसांनी तिने मला विचारलं, "काय रे, कसा आहे म्हणतात?"

मी तो पाहिलेला नव्हता. पण गॅलरीत मत तयार होतं: पडला. रडका आहे, काही कळत नाही. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "एकदम भिकार. जाऊ नकोस, पैसे फुकट जातील."

"तू पाहिलास?"

"हो."

हे 'हो' कुठून आलं कुणास ठाऊक. ती बरं म्हणाली. त्या पैशांतून तिने मला कंपासपेटी घेऊन दिली. सिनेमा लवकरच उतरला. तो आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, त्याच्या छायालेखनाची आजही नावाजणी होते. पण गुरुदत्तांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पडद्यावर येऊ दिलं नाही, आणि १९६४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. आता माझ्या एका 'भिकार'मुळे हे झालं असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण अशी गॅलरी काय एकट्या गिरगावात होती?

पुढे ऐंशीच्या दशकात एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर 'कागज के फूल' लागला. आमचा टीव्ही कृष्णधवल, पण सिनेमाही कृष्णधवल, त्यामुळे बिघडलं काहीच नाही. आत्या सत्तरीला आलेली. तिने खोलीतला दिवा मालवायला लावला. रिकाम्या स्टुडिओत वरून तो उन्हाचा झोत खाली येतो आणि दोघं जणं लांब उभी असतात, तिथे तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सिनेमा संपला. बातम्या सुरू झाल्या. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. ती म्हणाली,

"तू तेव्हा पाहिला होतास ना रे हा?"

पंचवीस वर्षं उलटून गेली होती. खरं सांगायला काय हरकत होती? मी म्हणालो, "हो."

"मग कळला नसेल तुला. लहान होतास," ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.

आता चाळ नाही, गॅलरी नाही, काका तर केव्हाच गेले. पण विद्या जिवंत आहे. परवा नातू सोफ्यावर आडवा पडून फोन बघत होता. अर्ध्या मिनिटाचं काहीतरी धाडधाड वाजलं आणि तो म्हणाला, "फ्लॉप!" सिनेमा यायला अजून चार महिने आहेत.

मी आजोबा या नात्याने गंभीर झालो. म्हटलं, बाळा, पाहिल्याशिवाय असं बोलू नये. त्या माणसांनी दोन-दोन वर्षं खपून काही केलेलं असतं. आणि कोणीतरी तुझ्या शब्दावर विसंबून घरी बसतं. पोरगा शहाणा. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"बरं, तुम्ही बघा. तुम्हाला काय वाटतं?"

मी चष्मा लावून ते अर्धं मिनिट नीट पाहिलं. हिरो हवेतून उडत होता.

"नाही चालायचा," मी म्हणालो.