दलालाची पत : प्रेमचंद रायचंद यांच्या चरित्रातून एक धडा

वाकोल्याहून कलिन्याकडे निघाले की मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी आवार लागते. आमच्या मोहल्ल्यातील पुष्कळ मुले तेथे शिकण्याचे स्वप्न उराशी बाळगून असतात. ह्याच विद्यापीठाच्या फोर्टमधील जुन्या आवारात राजाबाई टॉवर उभा आहे. २८० फूट उंचीचा हा मनोरा व त्याच्या पायथ्याचे ग्रंथालय एका दलालाच्या देणगीतून उभे राहिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

दलाल हा शब्द आपल्याकडे कोणी आदराने उच्चारीत नाही. त्यातून जागेचा दलाल म्हटला की माणूस आधी खिसा चाचपतो. तरीही दलालावाचून वाकोल्यात ना खोली मिळते, ना गाळा. म्हणूनच ह्या धंद्याची पत कशाने जाते आणि कशाने राहते, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात दुसरे नाही. ते मूळचे शेअरचे दलाल. परंतु त्यांची कीर्ती आणि त्यांचा नाश ही दोन्ही जमिनीच्या कंपनीशी बांधली गेली आहेत.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या एका जैन कुटुंबात झाला. वडिलांबरोबर ते मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकले. त्या काळच्या देशी दलालांत इंग्रजी जाणणारा माणूस विरळाच. शिक्षणाने माणसाला किती मोठे दार उघडते, याचा हा पहिला दाखला. तिशी गाठण्यापूर्वीच ते बाजारातील अग्रगण्य दलाल झाले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकेचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. हा पैसा ठेवायचा कोठे? मुंबईत जमीन अपुरी, तेव्हा समुद्र हटवून जमीन करावी, अशी कल्पना निघाली. भरणी करणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका व ८ जमीन कंपन्या होत्या. त्यांतील सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिच्या उभारणीत युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर प्रेमचंदांचा मोठा हात होता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जी जमीन विकायची ती अजून समुद्राच्या पाण्याखाली होती. लोक विकत घेत होते तो कागद, आणि कागदाला किंमत होती ती केवळ दलालाच्या शब्दामुळे. पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा सहभाग असलेली बँक. पण तीही शेअर तारण घेऊन, कधी पुरेशा तारणावाचूनही, सढळ हाताने कर्जे देऊ लागली. कर्जाच्या पैशाने शेअर घ्यायचे, त्या शेअरवर पुन्हा कर्ज काढायचे, असे हे चक्र होते. बहुतेक व्यवहार वायद्याचे होते. आज बोली करायची आणि पैसे पुढच्या ठरल्या तारखेस चुकते करायचे.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी घेणारे होते, देणारा कोणी उरला नव्हता. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांचा शेअर ८७ रुपयांवर घसरला आणि १८६८ साली ती बँक बंद पडली. तिच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. लखपती रस्त्यावर आले. त्यांच्यामागून कारकून, विधवा, छोटे दुकानदारही बुडाले.

ह्या सर्वनाशात प्रेमचंदांचा दोष होता काय? होता, आणि तो लपवून त्यांचा गौरव करण्यात अर्थ नाही. बँकेची दारे सट्ट्यासाठी उघडण्यात त्यांचे वजन खर्ची पडले होते. परंतु पुढचा भागही तितकाच खरा आहे. ते शहर सोडून पळाले नाहीत. मालमत्ता घेणेकऱ्यांच्या स्वाधीन करून ते त्याच बाजारात पुन्हा साधी दलाली करू लागले. १८७५ साली मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजचे मुंबई शेअर बाजार ते हेच. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांची गणना होते. व्यवहाराला नियम हवेत, हे ज्याने नियमावाचूनचा बाजार भोगला त्याच्याइतके कोणाला कळणार? १९०६ साली त्यांचे निधन झाले.

आता त्या मनोऱ्याकडे वळू. तेजीच्या ऐन भरात, १८६४ साली, प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पुरे झाले. कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आणि अहमदाबादचे शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज हीही त्यांच्याच देणगीची फळे. बॅक बे कंपनी बुडाली, शेअर रद्दी झाले. जे शिक्षणाला दिले तेवढे उरले.

त्या पडझडीनंतर नऊ वर्षांनी, १८७४ साली, बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोगे प्रभृतींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. तिच्या शाळांतून आजही हजारो मुले शिकत आहेत. आपल्यासारख्या लहान संस्थांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण अगदी जवळचे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा सहामाहीनंतर अचानक येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांनी आयुष्याची पुंजी एका एजंटाच्या हाती खोलीसाठी दिली होती. पावती नव्हती, साक्षीदार नव्हता. खोलीही गेली आणि पैसेही. कुटुंब गावी परतले. पाण्याखालची जमीन विकत घेणारे १८६५ बरोबर संपले नाहीत, हे त्या दिवशी मला उमगले.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह अल-बकरामध्ये आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व त्यावर साक्षीदार घेणे. देशाच्या कायद्यानेही आता तीच दिशा धरली आहे. २०१६ च्या रेरा कायद्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटास स्वतःची नोंदणी करावी लागते. करारनामा नोंदविण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. चाळीतील खोलीच्या व्यवहारात हा कायदा पाठीशी असेलच असे नाही. म्हणून तेथे तर कागद, पावती आणि दोन साक्षीदार यांवाचून एक रुपयाही देऊ नये.

पालकांना माझी नम्र विनंती आहे की एजंटाने दिलेला कागद घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावा. आणि शंका आली तर शाळेत आणावा, आम्ही शिक्षक तो आनंदाने वाचून दाखवू. आणि आपल्या मुलांपैकी कोणी उद्या ह्या धंद्यात शिरला, तर त्याने अवश्य शिरावे. धंदा वाईट नाही. मात्र जी जमीन आपण डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्यासाठी दुसऱ्याचा पैसा हाती घेऊ नये. दलालाचे खरे भांडवल त्याची पत होय. अल्लाह आपणां सर्वांस सचोटीची रोजी देवो.