आई-बाबांशिवायचा नाताळ

आम्ही खरवईच्या बचत गटाच्या बायका. गटातल्या एका ख्रिस्ती ताईचे आई-वडील यंदा दोघेही गेले. "नाताळला दारात तारा लावू का नको?" तिनं बैठकीत विचारलं. आमच्याकडे मयत झाली की वर्षभर सण करत नाहीत. काय सांगावं, सुचेना.

तेव्हा आम्हाला पंडिता रमाबाई आठवल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील गेले, मागोमाग आईही. याच आईनं त्यांना संस्कृत शिकवलं होतं. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली ख्रिस्ती झाल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या घरातली उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांचं 'मुक्ती' उभं राहिलं. तिथल्या कितीतरी मुलींना माहेर उरलंच नव्हतं. नाताळही त्यांनी एकमेकींच्याच सोबतीनं केला असेल.

ताईला आम्ही एवढंच सांगितलं, "तारा लाव. करंज्या आईच्या हातासारख्या कर. आम्ही लाटायला येतो."

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही कुणाचं माहेर संपलं असेल. सण कुठलाही असो, त्या दिवशी तिच्या घरी जा. आई-बाबांचा विषय टाळू नका, तिला बोलू द्या.