राखणदाराचे दायित्व : गावकीच्या भरपाईपासून विम्यापर्यंत

पहारा कोणी करावा, याविषयीचे नियम प्रत्येक समाजात आढळतात. पहारा फसला असता हानी कोणी सोसावी, हा प्रश्न त्याहून बिकट होय. निःशस्त्र रखवालदाराच्या हाती दंडशक्ती नसते; त्याच्या जागेपणावर टाकलेला विश्वास हेच त्याच्या सेवेचे मोल असते. तो विश्वास ढळल्यावर उद्भवणाऱ्या दायित्वाची व्यवस्था कशी बदलत गेली, याचा येथे संक्षेपाने विचार करावयाचा आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 मध्ये सादर केलेल्या अहवालात दख्खनच्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन आहे. गावात चोरी झाल्यास रामोशाने अथवा जागल्याने चोर हजर करावा, किंवा त्याचा माग दुसऱ्या गावापर्यंत पोचवावा, अशी रीत होती. हे न साधल्यास ऐपतीप्रमाणे रखवालदाराने व उरलेली रक्कम गावाने भरून द्यावी लागे. ही भरपाई अन्यायाची आहे, हे एल्फिन्स्टनला मान्य होते व ती पूर्णांशाने क्वचितच वसूल होई, असेही तो नमूद करतो. तथापि रखवालदार पुष्कळदा स्वतःच चोर असतो, या समजुतीने त्याने तिचे समर्थन केले. या समजुतीत तत्कालीन राज्यकर्त्यांचा रामोशांविषयीचा ग्रह मिसळलेला आहे, हे विसरून चालणार नाही. येथे हानी अनेकांत वाटली जाई. परंतु वर्गणी आधी जमत नसे, आणि वाटणी दंडाच्या रूपाने होई. म्हणून या रीतीस विमा म्हणता येत नाही.

राखण हा करारावर चालणारा व्यवसाय झाल्यावर तोच प्रश्न न्यायालयापुढे आला. इंग्लंडमधील जिलिंगहॅम येथील फोटो प्रॉडक्शन या कंपनीने 1968 मध्ये सिक्युरिकॉर या कंपनीकडे आपल्या कारखान्याची गस्त सोपविली. ऑक्टोबर 1970 मध्ये गस्तीवरील रक्षकानेच तेथे बुद्ध्या लहानशी आग लावली. ती पसरून कारखाना भस्मसात झाला. हानी सुमारे 6,15,000 पौंडांची होती. गस्तीच्या एका फेरीचा आकार मात्र सुमारे 26 पेन्स पडत होता. योग्य दक्षता घेऊन टाळता आले नसते अशा नोकराच्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर नाही, असे कलम करारात होते. अपील न्यायालयाने 1978 मध्ये कारखानदाराच्या बाजूने निर्णय दिला. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1980 मध्ये तो फिरवून कलम ग्राह्य धरले. मूलभूत करारभंग झाला की असे कलम आपोआप निष्प्रभ होते, हे तत्त्व त्या निर्णयाने निकालात निघाले.

या निर्णयामागील युक्तिवाद विम्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. कारखान्याची किंमत व आगीचा संभव मालकास ठाऊक असतो. अग्निविमा उतरविणे त्यासच सोयीचे. उलट, अल्प मोबदल्यात गस्त घालणाऱ्याने अनेक कारखान्यांच्या संपूर्ण मूल्याचे दायित्व घेतल्यास त्याच्या विम्याचा हप्ता शेवटी गस्तीच्या दरातच मिळविला जाणार. स्वस्त पहारा आणि संपूर्ण हमी या दोन गोष्टी एकाच दरात मिळत नाहीत, असा याचा इत्यर्थ.

तथापि अशा कलमांना मर्यादा आहेत. ब्रिटनच्या 1977 च्या अन्याय्य करारशर्तींच्या कायद्यानुसार व्यवसायातील निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूचे वा शारीरिक इजेचे दायित्व करारातील शर्तीने टाळता येत नाही. शिवाय त्रयस्थ इसम करारात सामील नसतो. संशयावरून अडवून ठेवलेला ग्राहक, झटापटीत जखमी झालेला वाटसरू यांच्या मागणीस मालकाचा अग्निविमा उपयोगी पडत नाही. निःशस्त्र रक्षकांच्या व्यवसायास दायित्व-विम्याची खरी गरज भासते ती येथे.

महाराष्ट्रात 1981 च्या खाजगी सुरक्षा रक्षक कायद्याने मंडळांची योजना केली. तिचा रोख रक्षकाचे वेतन, सेवाशर्ती व कल्याण यांकडे आहे. जुन्या गावकीत भरपाईचा पहिला घाला रखवालदाराच्याच तुटपुंज्या मिळकतीवर पडे. दायित्व संस्थेने पतकरावे आणि विम्याने ते अनेकांत विभागावे, या व्यवस्थेचे मूल्य त्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. मात्र पहाऱ्याचा दर ठरविताना या विभागणीचा खर्च वगळला गेला, तर तिचा भार पुन्हा सर्वांत दुर्बल घटकावर, म्हणजे रात्रभर जागणाऱ्या माणसावर, येऊन पडण्याचा संभव राहतो.