मर्वची विनातारण ग्रंथालये

ग्रंथालयात नाव नोंदवताना आपण अनामत भरतो. पुस्तक परत केले नाही तर ती बुडते. मध्ययुगीन मुस्लिम जगातील वक्फ ग्रंथालयांतही ही रीत होती. तिथे तिला ‘रहन’, म्हणजे तारण म्हणत.

काही वाकिफ त्याहून कडक होते. कैरोच्या महमूदिया ग्रंथालयातून ग्रंथ बाहेर न्यायलाच मनाई होती. तरीही पंधराव्या शतकात मोजदाद झाली तेव्हा सुमारे दहावा हिस्सा गहाळ निघाला आणि ग्रंथपालाला पद सोडावे लागले. नुसत्या मनाईने ग्रंथ राखले जात नाहीत.

त्याआधी दोनशे वर्षे, आजच्या तुर्कमेनिस्तानातील मर्व शहराने वेगळी वाट धरली होती. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, पुढे ग्रंथांच्या नकला करून व ते विकून पोट भरणारे भूगोलकार याकूत अल-हमवी (मृत्यू १२२९) तिथे राहिले. शहरात वक्फची दहा ग्रंथालये होती, असे ते लिहितात. त्यांच्या घरी एका वेळी २०० किंवा अधिक ग्रंथ असत, तेही बहुतेक विनातारण. किंमत २०० दीनार!

१२२१ मध्ये मंगोलांनी मर्व उद्ध्वस्त केले. याकूत त्याआधीच निघून गेले होते. आपल्या ‘मुअजम अल-बुलदान’ या भूगोलकोशातील बरीचशी माहिती मर्वच्याच ग्रंथालयांतून मिळाल्याचे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले आहे. ती ग्रंथालये आज नाहीत. पण एका परक्या वाचकावर त्यांनी टाकलेला विश्वास त्या कोशाच्या रूपाने अजून वाचायला मिळतो.