मेरेपासून मेरेपर्यंत

घड्याळ काढून खिशात टाका. साल 1883, गाव शिवोली. राज्य पोर्तुगिजांचं, पण चेंडू आणलाय विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्रींनी. मुलांना शिकवायचं तर खेळही शिकवायचा, असं ते मानतात. गोव्याचा फुटबॉल इथूनच सुरू झाला असं सांगतात. पोरं अजून बुजलेली आहेत. त्यांना खेळू द्या, आपण पुढे जाऊ.

1951. वास्कोत वास्को स्पोर्ट्स क्लब उभा राहिलाय. गोव्याची फुटबॉल संघटना व्हायला 1959 उजाडणार आहे. पण शहरात थांबू नका, खाडीकाठच्या एखाद्या खेड्यात उतरा. चपला शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, काढा. कापणी झालीय, भाताचे खुंट तळव्यांना टोचतात. पोफळीचे दोन सोट रोवले की गोल तयार. सीमारेषा आखायला नको, मेर आहेच. एका बाजूला पाव भाजणारा पदेर, माडाची सूर काढणारा रेंदेर, शाळकरी पोरं. दुसऱ्या बाजूला पलीकडचा वाडा. गोलात उभा आहे तो रापणकार. पहाटे रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढून आलाय. त्याचे हात बघा: तळव्यांवर दोराचे वळ, भेगांत सुकलेलं मीठ. चेंडू येतो तसा तो खुंटांवर अंग टाकतो आणि छातीशी धरूनच उठतो. कोपर सोललंय, तिकडे त्याचं लक्षही नाही.

शेतातल्या या क्लबाला कचेरी नाही. मालमत्ता म्हणाल तर एक चेंडू, तोही उसवला की घरीच दोऱ्याने शिवलेला. मला मात्र क्लब म्हटलं की हेच दिसतं.

आता थेट 1984, मद्रास. राज्यांमधल्या संतोष करंडक फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत. गोव्याच्या गोलात कर्णधार ब्रह्मानंद शंखवाळकर, पणजीला लागून असलेल्या ताळगावचे. पंजाबवर 1-0. साऱ्या स्पर्धेत गोव्याने एकही गोल खाल्लेला नाही! ओरडा, मनसोक्त ओरडा. मीही ओरडतोय.

घसा बसला की परत मेरेवर या, चपला तिथेच आहेत. अंधार पडत आलाय, तरी रापणकार गोल सोडून हलत नाही. या शेतात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक, होत नाही. पाऊस येईपर्यंत पोफळीचे सोट कुणी उपटणार नाही.