भिंतींची साक्ष

भिंतीलाही कान असतात, ही म्हण आम्ही चहाडखोरांपुरती राखून ठेवली होती. छपराखाली उडणाऱ्या ड्रोनला आपले ठिकाण कसे कळते, याचा इतिहास चाळताना ती वेगळ्याच अर्थाने आठवली.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवरून संदेश धाडतात. जमिनीवर पोचेतो ते इतके क्षीण होतात की काँक्रीट त्यांना गिळून टाकते. तेव्हा आतल्यांना आतूनच सोय करावी लागली. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतील रॉय वाँट, अँडी हॉपर आदींनी १९९२ साली 'ॲक्टिव्ह बॅज' मांडला. अंगावरचा बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगे. हे किरण भिंत ओलांडत नसल्यामुळे माणसाची खोली कळे. (कोण कुठे किती वेळ रेंगाळला, हेही कळे. कान होतेच.)

आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो २००० सालचा 'रडार' हा प्रयोग. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी एका मजल्यावर तीन बेस स्टेशने ठेवली आणि ७० ठिकाणी उभे राहून बिनतारी लहरींची तीव्रता नोंदवली. तीही प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून, कारण मानवी देहातले पाणी या लहरी शोषून घेते. पुढे नवे माप हाती आले की ते या नोंदींशी ताडून पाहायचे. भिंतींमुळे लहरींत होणारा जो बिघाड एरवी दोष ठरला असता, तोच येथे त्या जागेची खूण ठरला. संहितेतील पाठभेदांवरून हस्तलिखिताचे कुळ ओळखणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये.

मात्र चूक साधारण तीन मीटर पडे. माणसाला ती चालते. ड्रोन भिंतीवर आदळेल.

म्हणून तीव्रतेऐवजी वेळ मोजणे आले. अमेरिकेत २००२ साली अल्ट्रा-वाइडबँड लहरींना परवानगी मिळाली. त्यांचे स्पंद इतके आखूड असतात की थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी वेगळे काढता येतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, यावरून अंतर काढायचे. भिंतीची साक्ष येथे ऐकून बाजूला ठेवली जाते. स्वीडनमधील बिटक्रेझचा २७ ग्रॅमचा 'क्रेझीफ्लाय' याच पद्धतीने, खोलीत ठोकलेल्या अँकरांपासूनचे अंतर मोजत तरंगतो.

त्या अँकरांच्या जागा आधी कुणीतरी मोजून लिहून द्याव्या लागतात. त्याने एकाची उंची चुकीची टिपली, तर ड्रोन त्या चुकीशीही इमान राखतो.